परड्यूचा भाचा, इंडियानाचे साडू आणि 66-0 : थँक्सगिव्हिंगची ब्लूमिंग्टन ट्रिप

गुरुवार, 28 नोव्हेंबर 2024

आधी नातीगोती सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमचे साडू ब्लूमिंग्टनला इंडियाना युनिव्हर्सिटीत नोकरीला आहेत, वीसेक वर्षांपूर्वी पीएचडीला आले आणि तिथेच रमले. माझा भाचा परड्यूला एमएस करतोय. दोन्ही कॉलेजं एकाच राज्यातली, मध्ये गाडीने दोन तासांचं अंतर, आणि फुटबॉलमध्ये (अमेरिकन फुटबॉल, बॉल काखेत मारून पळायचं ते) दोघांचं हाडवैर 1891 पासूनचं. सीझनची शेवटची मॅच या दोघांचीच असते, बहुतेक वेळा थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारची इथली मोठी सुट्टी) शनिवारी.

दर वर्षी हा वीकएंड आम्ही शिकागोजवळच्या नेपरव्हिलला घरी लोळून काढतो. यंदा साडूंचा नोव्हेंबर लागता लागता फोन आला की तिकिटं काढून ठेवलीत, भाच्यालाही उचलून आणा, कारणं सांगू नका. या माणसाने इतक्या वर्षांत आम्हाला फुटबॉलच्या मॅचला एकदाही बोलावलं नव्हतं. मी सहज विचारलं तर म्हणाले, "अहो, आत्तापर्यंत पाहुण्यांना दाखवण्यासारखं होतं काय?"

आणि ते खरंच होतं. अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेजांत तोवर सगळ्यात जास्त मॅचेस हरलेली टीम कोणती, तर इंडियाना, सातशेच्या वर पराभव. 2021 ला 2 जिंकल्या 10 हरल्या, 2022 ला 4 आणि 8, 2023 ला 3 आणि 9. यंदा सीझन सुरू व्हायच्या आधी पत्रकारांनी बिग टेन कॉन्फरन्सचा (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) अंदाज लावला तेव्हा 18 टीममध्ये इंडियाना सतरावी होती. नाव बिग टेन, टीम अठरा, हे असंच आहे, यंदा पश्चिम किनाऱ्यावरच्या चार टीम घेतल्या आणि नाव काही बदललं नाही. तर या सतराव्या नंबरच्या टीमने सलग 10 मॅचेस जिंकल्या. आम्ही निघालो तेव्हा रेकॉर्ड होतं 10 आणि 1, तो एक पराभवही आदल्या शनिवारी ओहायो स्टेटकडून, त्यांच्या घरी जाऊन, 38-15.

सकाळी लवकर निघालो. I-65 वर थँक्सगिव्हिंगच्या सकाळी रस्ता बऱ्यापैकी मोकळा असतो, खरी गर्दी बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी. लाफायेटच्या अलीकडे दोन्ही बाजूंना कापणी झालेली मक्याची शेतं आणि त्यात पवनचक्क्याच पवनचक्क्या, लेकीने मोजायला सुरुवात केली आणि कंटाळून सोडून दिली. वेस्ट लाफायेटला, म्हणजे परड्यूच्या गावी, भाचा काळा-सोनेरी हुडी घालून, डोक्यावर परड्यूची टोपी, अशा थाटात गाडीत बसला. मी म्हटलं अरे काकांच्या घरी जातोयस, जरा जपून. तर म्हणे, "मामा, पत्रकारांनी आम्हाला अठरावा नंबर दिला होता आणि आम्ही अठरावेच आहोत. शब्दाला जागणारी टीम आहे आमची." परड्यूचं रेकॉर्ड त्या दिवशी 1 आणि 10 होतं.

इथे एक टीप, शिकागोकडून येत असाल तर वाटेत घड्याळ एक तास पुढे जातं. फोन आपोआप बदलतो, पण जेवायला बोलावणाऱ्याला वेळ सांगताना कुठली वेळ ते नीट सांगा, आम्हाला मेहुणीचे दोन फोन येऊन गेले. दुसरी टीप, इंडियानापोलिसपासून ब्लूमिंग्टनपर्यंत आता I-69 सलग झालाय, यंदाच्या ऑगस्टमध्येच तो रिंगरोडला जोडला. साडू सांगत होते की आधी या रस्त्यावर सिग्नल लागत आणि काही वर्षं तर नुसतं खोदकाम. आता सुसाट, फक्त अंधार पडल्यावर हरणांकडे लक्ष ठेवा.

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी गावात जवळजवळ सगळं बंद असतं, त्यामुळे दूध, दही, कोथिंबीर जे काही लागतं ते आधीच घेऊन जा. मेहुणीला हे पक्कं माहीत, तिने भरली वांगी, मसालेभात, टोमॅटोचं सार असा बेत ठेवला होता, आणि शेजारच्या आजी-आजोबांना जेवायला बोलावलं होतं. त्यांनी येताना शुगर क्रीम पाय (पिठाच्या कवचात सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) आणला. इंडियानाची ही खासियत, क्रीम, साखर, थोडं पीठ आणि वरून जायफळ. घट्ट बासुंदी कोणीतरी पायच्या कवचात ओतून भाजली तर जशी लागेल तशी चव. पहिल्यांदाच खाल्ला आणि दोन तुकडे संपवले, बायको बघत होती तरी.

पण पायपेक्षा आजोबा भारी निघाले. वय ऐंशीच्या जवळ, अंगात क्रीम आणि लाल पट्ट्यांची पँट. ही कँडी स्ट्राइप पँट म्हणजे इंडियानाच्या बास्केटबॉलवाल्यांची जुनी ओळख. आजोबांच्या पँटीला उजव्या गुडघ्यावर आजींनी ठिगळ लावलं होतं, आणि ठिगळाचे पट्टे आडवे आले होते. ते 1967 ला इथेच विद्यार्थी होते. त्या वर्षी इंडियाना बिग टेनमध्ये पहिली आली होती, तीही परड्यू आणि मिनेसोटाबरोबर विभागून, आणि त्यांच्या इतिहासातली पहिली रोझ बोल (सीझननंतरची मानाची मॅच) खेळायला पॅसाडेनाला गेली होती. आजोबा मित्राच्या गाडीतून कॅलिफोर्नियापर्यंत गेले. 1 जानेवारी 1968 ला सदर्न कॅलिफोर्नियाने 14-3 हरवलं, दोन्ही टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपार नेला की मिळतात ते गुण) ओ. जे. सिम्पसनचे. आजोबा म्हणाले, वाटलं होतं पुढच्या वर्षी परत येऊ. त्यावर आजींनी शांतपणे वांग्याचं आणखी एक फोड वाढून घेतलं, ही गोष्ट त्यांनी किती वेळा ऐकली असेल देव जाणे.

शुक्रवार, 29 नोव्हेंबर

थंडी एकदम वाढली. वारं बोचरं, ऊन दिसायला छान पण कामाचं नाही. कॅम्पस बघायला गेलो. पोरं सुट्टीवर गेलेली, त्यामुळे सगळं रिकामं आणि फोटोला उत्तम. कर्कवुड अ‍ॅव्हेन्यू जिथे संपतो तिथे सॅम्पल गेट्स, दगडी कमानी, आणि आत शिरलं की इमारती सगळ्या एकाच फिकट राखाडी चुनखडीच्या. हा दगड इथलाच. ब्लूमिंग्टन ते बेडफर्ड हा सगळा पट्टा खाणींचा, न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचा दगड इथून गेलाय. साडू म्हणाले की न्यूयॉर्कवाल्यांना हे माहीतही नसतं आणि इथल्या प्रत्येक रिक्षावाल्याला, सॉरी, उबरवाल्याला पाठ असतं.

माझ्यासाठी खरं सरप्राइज मात्र वेगळंच होतं. गावाच्या दक्षिणेला झाडीत तिबेटी-मंगोलियन बौद्ध केंद्र आहे, स्तूप, प्रार्थनाचक्रं, पताका सगळं. इंडियानाच्या मक्यात हे कुठून आलं? तर दलाई लामांचे थोरले भाऊ थुबतेन जिग्मे नोर्बू या युनिव्हर्सिटीत तिबेटी विषयाचे प्राध्यापक होते, त्यांनी हे उभं केलं, दलाई लामा स्वतः इथे अनेकदा येऊन गेलेत. लेकीने सगळी चक्रं फिरवली, भाच्याने टोपी काढून हात जोडले आणि डोळे मिटून बराच वेळ उभा राहिला. साडूंनी विचारलं काय मागितलंस, तर म्हणे, "काका, पन्नासच्या आत ठेवा एवढंच."

दुपारी चौथ्या रस्त्यावर मोमो खाल्ले. हा रस्ता शाकाहारी माणसांनी लक्षात ठेवा, जुन्या बंगल्यांमध्ये एकाला लागून एक हॉटेलं, तिबेटी, थाई, भारतीय, टर्किश. बाकी इंडियानाचा प्रसिद्ध पदार्थ म्हणजे पोर्क टेंडरलॉइन सँडविच, मांसाचा तळलेला तुकडा पावापेक्षा दुप्पट मोठा, चारी बाजूंनी लोंबणारा. भाच्याने तो संपवला आणि संध्याकाळपर्यंत बोलला नाही.

जेवताना साडूंना मी सरळ विचारलं की हे झालं कसं. एका वर्षात 3-9 वरून 10-1, कुठून आली ही माणसं? साडूंनी अर्धा तास घेतला, मी थोडक्यात सांगतो.

गेल्या वर्षी सीझन संपल्या संपल्या जुन्या कोचला काढलं आणि कर्ट सिग्नेटी नावाचा माणूस आणला. वय 63, चेहरा कायम आंबट. अलाबामात निक सेबन या नामवंत कोचच्या हाताखाली होता, ते सोडून पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात हेड कोच झाला, मग इलॉन, मग जेम्स मॅडिसन, जिथे गेला तिथे जिंकत आला. इथे आल्यावर पत्रकारांनी विचारलं की नव्या पोरांना तुमचं म्हणणं कसं पटवता, तर म्हणाला, सोपं आहे, मी जिंकतो, गूगल करा. त्याच आठवड्यांत बास्केटबॉलच्या मॅचला माइक हातात दिला तर भर गर्दीत परड्यूला शिवी हासडली, वर मिशिगन आणि ओहायो स्टेटलाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण साडू म्हणाले की आम्हाला वाटलं, झालं, अजून एक बोलघेवडा आला.

मग त्याने जेम्स मॅडिसनची आपली 13 पोरं सोबत आणली. आता कॉलेजच्या खेळाडूला कॉलेज बदलणं सोपं झालंय, ट्रान्सफर पोर्टल म्हणतात त्याला, आणि पहिल्यासारखं वर्षभर बाहेर बसावंही लागत नाही. क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) कर्टिस रूर्क हा कॅनडाचा, तो ओहायो युनिव्हर्सिटीतून आला (ओहायो स्टेट वेगळं, ओहायो वेगळं, मलाही तेव्हाच कळलं). म्हणजे पोरं नवखी नव्हती, एकमेकांना आणि कोचला ओळखणारी, तेवीस-चोवीस वर्षांची, दुसरीकडे जिंकून आलेली. माझं स्वतःचं मत असं की या सगळ्याला चमत्कार वगैरे म्हणणाऱ्यांनी हा हिशोब आधी बघावा. नियम बदलले, ते या माणसाला इतरांच्या आधी कळले. अठरा-अठरा वर्षांची पोरं घडवत बसायला पाच वर्षं लागली असती.

भाच्याचं म्हणणं होतं की शेड्यूल सोपं होतं. साडू म्हणाले, बरोबर, सोपंच होतं, पण सोप्या मॅचेस हरण्यातच तर आमची हयात गेली. आणि नेब्रास्काला 56-7 हाणलं ते काय सोपं होतं? त्या मॅचमध्ये रूर्कच्या अंगठ्याला दुखापत झाली, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या क्वार्टरबॅकला घेऊन वॉशिंग्टनला हरवलं 31-17, मग 9 नोव्हेंबरला मिशिगनला 20-15. गेल्या जानेवारीत नॅशनल चॅम्पियनशिपची फायनल कोणात झाली होती, तर मिशिगन आणि वॉशिंग्टन. दोघांच्याही टीम यंदा निम्म्या रिकाम्या झाल्या होत्या हे खरं, पण दोघंही याच गावातून हरून गेले. आणि दहावा विजय इंडियानाला कधीच मिळाला नव्हता, शंभरहून जास्त वर्षांत एकदाही नाही, तो मिशिगनवर मिळाला.

संध्याकाळी कोर्टहाउस स्क्वेअर. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी इथे मधल्या कोर्टाच्या घुमटापासून चारी बाजूंच्या दुकानांपर्यंत लाइटच्या माळा ताणतात आणि सगळ्यांसमोर एकदम पेटवतात. मुंगीला जागा नव्हती. घुमटाच्या टोकावर वारा दाखवणारा मासा आहे, समुद्रापासून एवढ्या लांब कोर्टावर मासा का, यावर तीन जणांनी तीन कथा सांगितल्या. जायचं असेल तर तासभर आधी जा आणि गाडी लांब लावून चाला, जवळ पार्किंग शोधायच्या भानगडीत पडू नका. लहान मूल असेल तर कानटोपी हवीच.

शनिवार, 30 नोव्हेंबर

मॅच रात्री सातची, पण साडू सकाळी दहालाच स्टेडियमकडे निघाले. मेमोरियल स्टेडियमच्या बाहेरच्या गवतावर टेलगेटिंग चालतं, म्हणजे गाडीची डिकी उघडायची, शेगडी पेटवायची, खुर्च्या टाकायच्या आणि खात-पीत बसायचं. इंडियानाची यात जुनी ख्याती. इथले लोक टेलगेटिंगला यायचे, मॅचला आत जायचेच नाहीत, नाहीतर हाफटाइमला बाहेर येऊन परत शेगडीपाशी बसायचे. आजोबा म्हणाले आत काय चाललंय ते बाहेर बसूनही कळायचं, समोरच्या टीमचा बँड वाजला की.

आम्ही शेगडीवर पनीर टिक्का आणि कणसं भाजली, बाजूच्या ग्रुपने सॉसेज दिले, आम्ही त्यांना टिक्का दिला, अर्ध्या तासात त्यातली एक बाई मेहुणीकडून मसाल्याची कृती लिहून घेत होती. भाचा काळ्या-सोनेरी हुडीत एकटाच. प्रत्येक जण येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून "सॉरी रे" म्हणून जात होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, म्हणे. त्याचं एकच उत्तर, बास्केटबॉल येऊ दे. परड्यू एप्रिलमध्ये बास्केटबॉलच्या फायनलपर्यंत गेली होती, त्यामुळे त्यावर इंडियानावाले गप्प.

आता दुपारची गंमत नीट सांगतो कारण टेबलचा सगळा खेळ तिथेच होता. बिग टेनमध्ये पहिल्या दोन टीम पुढच्या शनिवारी इंडियानापोलिसला चॅम्पियनशिप खेळतात. ऑरेगन एकही न हरता पक्की झालेली. दुसऱ्या जागेसाठी ओहायो स्टेट, पेन स्टेट आणि इंडियाना, तिघांचाही कॉन्फरन्समध्ये एकच पराभव. इंडियानाला जायचं तर ओहायो स्टेटने मिशिगनकडून हरायला हवं, पेन स्टेटने मेरीलँडकडून हरायला हवं, आणि आपण परड्यूला हरवायला हवं. ओहायो स्टेट घरच्या मैदानावर आणि नंबर दोनची टीम, मिशिगन यंदा धडपडत चाललेली. कोणालाच आशा नव्हती.

बाजूच्या ग्रुपने जनरेटरवर टीव्ही लावला होता. बारा वाजता मॅच सुरू झाली तेव्हा सात-आठ जण बघत होते, तीन वाजता तिथे जत्रा. तीन आठवड्यांपूर्वी ज्या मिशिगनच्या नावाने बोटं मोडली त्याच मिशिगनसाठी लाल कपड्यातले लोक ओरडत होते. शेवटच्या मिनिटात मिशिगनने फील्ड गोल मारला, 13-10, आणि ओहायो स्टेट हरली! पार्किंगमध्ये लोक अनोळखी माणसांना मिठ्या मारत होते, साडूंनी मलाच उचललं, पाठीचं जुनं दुखणं विसरून. तिकडे टीव्हीवर मैदानात झेंडा रोवण्यावरून दोन्ही टीमची मारामारी सुरू झाली होती, पोलिसांनी पेपर स्प्रे मारला, ते इथे कोणी बघतच नव्हतं.

आजोबा मात्र खुर्चीत बसून. म्हणाले, आता मेरीलँड जिंकेल असं वाटायला लागेल बघा, तिथेच घात होतो.

आणि झालंही तसंच. साडेतीनला पेन स्टेटची मॅच सुरू झाली, तासाभरात टीव्हीपाशी परत सात-आठ जण उरले, शेवटी 44-7. इंडियानापोलिसचं दार बंद. पण आश्चर्य म्हणजे कोणी फार हळहळलं नाही. यंदापासून नॅशनल चॅम्पियनशिपच्या प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) 12 टीम घेतात, 11-1 झालं तर तिथे जागा नक्की, हे प्रत्येकाच्या डोक्यात होतं.

आत जाताना दोन गोष्टी. पारदर्शक पिशवीच चालते, साधी पर्स घेऊन गेलेल्या दोन बायकांना गाडीपर्यंत परत चालत जाताना पाहिलं. आणि रात्रीची मॅच असेल तर पायांची काळजी घ्या, जॅकेटं सगळेच घालतात, पण सिमेंटवर पाय ठेवून तीन तास बसायचं असतं, थंडी खालून येते. पायाखाली पुठ्ठा टाका (आजोबांनी आमच्या सगळ्यांसाठी कापून आणले होते), मोज्यात गरम पाकिटं ठेवा. तापमान शून्याच्या खाली गेलं होतं, पाण्याच्या बाटलीत बर्फाचे कण दिसत होते.

मैदानाच्या उत्तरेच्या टोकाला एक मोठा चुनखडीचा दगड आहे, खेळाडू बाहेर येताना त्याला हात लावतात. 2005 ला टेरी हेपनर नावाचा कोच आला त्याने तो तिथे बसवला. त्याचं स्वप्न लहानसं होतं, सीझनच्या बारा मॅचेस होतात, आपण तेरावी खेळायची, म्हणजे निदान एखादी बोल गेम मिळवायची. 2007 ला तो ब्रेन ट्यूमरने गेला, आणि त्याच वर्षी टीम तेरावी मॅच खेळली. आजोबा हे सांगताना थांबले, मग नुसतं दगडाकडे बोट दाखवलं.

मॅचबद्दल काय लिहू. सुट्टीमुळे पोरं नसतील असं वाटलं होतं, तर स्टेडियम भरलेलं. सुरुवातीपासून एकतर्फी. रूर्कचा अंगठा बरा होऊन महिना झालेला, त्याने त्या रात्री सहा टचडाउन पास टाकले. परड्यूच्या अंगात आल्यासारखं एकदाही झालं नाही, बॉल मिळायचा, तीन प्रयत्न, लाथ मारून परत द्यायचा. भाचा दुसऱ्या क्वार्टरपर्यंत ओरडत होता, मग गरम चॉकलेट आणायला जायला लागला, दर वेळी जास्त उशिरा परत यायचा.

मी मॅचपेक्षा आजोबांना बघत होतो. वीसची लीड झाली, म्हणाले अजून खूप वेळ आहे. हाफटाइम झाला, आजूबाजूचे लोक सवयीने उठले, आणि उठून काय करायचं हे न कळल्यासारखे परत बसले. खरंच, मी दोन-तीन कुटुंबं अशी पाहिली. फरक चाळीसच्या वर गेला तरी आजोबांचे हात मांडीवर घट्ट. आजी म्हणाल्या, "अहो, आता तरी टाळी वाजवा" (इंग्रजीत, पण सूर हाच). साठ ओलांडल्यावर त्यांनी हातमोजे काढले आणि टाळ्या वाजवल्या, सावकाश, मोजून, बाजूच्या मुलाने हाय-फाइव्ह मागितलं तर तेही दिलं. 66-0. इंडियानाचा परड्यूवरचा आजवरचा सगळ्यात मोठा विजय.

संपल्यावर पोरांनी पोहरा उचलला. या मॅचची ट्रॉफी म्हणजे ओक लाकडाचा विहिरीवरचा जुना पोहरा, दक्षिण इंडियानातल्या एका शेतावरचा, 1925 पासून. दर वर्षी जिंकणाऱ्याचं अक्षर साखळीत अडकवतात, इंडियानाचा आय नाहीतर परड्यूचा पी. पहिल्याच वर्षी 0-0 बरोबरी झाली म्हणून सुरुवातीची कडी दोघांची मिळून आहे. गेल्या तीन मॅचेस परड्यूने जिंकल्या होत्या, त्यामुळे पोहरा वेस्ट लाफायेटला होता, भाच्याने त्याच्यासोबत फोटोही काढला होता. तो फोटो त्याने साडूंना दाखवला. साडू म्हणाले, जपून ठेव, काही वर्षं लागेल.

घरी येऊन रात्री अकराला सगळ्यांनी पिठलं-भात खाल्ला. थंडीतून आल्यावर याला तोड नाही.

रविवार, 1 डिसेंबर

निघायला उशीर केला आणि त्याची शिक्षा I-65 वर मिळाली, जाताना जेवढा वेळ लागला त्याच्या दीडपट. थँक्सगिव्हिंगच्या रविवारी उत्तरेकडे जाणार असाल तर पहाटे निघा, एवढंच सांगतो.

वाटेत भाच्याचा फोन वाजला, परड्यूने कोच रायन वॉल्टर्सला काढलं. 1-11, कॉन्फरन्समध्ये नऊपैकी शून्य, दुसरं काही होणार नव्हतं. भाचा एकदम खुलला. "मामा, बघा ना, इंडियानाने पण गेल्या वर्षी याच वीकएंडला काढला होता." कोच काढला की पुढच्या वर्षी 11-1, इतका सोपा हिशोब असता तर निम्मा देश 11-1 असता, पण पोराचा उत्साह कशाला मोडा.

त्याला सोडताना वेस्ट लाफायेटला तासभर थांबलो. इंजिनिअरिंगच्या इमारतीसमोर नील आर्मस्ट्राँगचा पुतळा आहे, विद्यार्थी असतानाचा, वह्या-पुस्तकं घेऊन बसलेला, तो इथलाच. बाजूला चंद्रावरच्या बुटांच्या ठशांची शिल्पं अंतराअंतरावर केलीत, लेकीने त्यावरून उड्या मारत दोन फेऱ्या केल्या. भाचा म्हणाला, चंद्रावर आमचाच माणूस पहिला गेला, ते इंडियानावाल्यांना सांगा. मी तसा मेसेज साडूंना टाकला, त्यांनी उत्तरात फक्त 66-0 लिहून पाठवलं.

परत आल्यावर

8 डिसेंबरला प्लेऑफच्या 12 टीम जाहीर झाल्या. इंडियाना दहाव्या नंबरवर आत, आणि पहिली मॅच कोणाशी, तर राज्यातल्याच नोत्र दामशी, 20 डिसेंबरला साउथ बेंडला. ब्लूमिंग्टनहून उत्तरेला गाडीने साडेतीन तास, आमच्याकडून त्याहून जवळ. तिकिटांचे भाव पाहून मी लॅपटॉप बंद केला. साडूंनी मात्र दोन काढलीत, एक स्वतःचं आणि एक आजोबांचं, आजींनी स्पष्ट सांगितलं की रात्री आठच्या मॅचला उघड्यावर बसणार नाही, मी टीव्हीवर बघेन.

आमचं ठरलंय ते असं की मॅच संपल्यावर मध्यरात्री दोघांनी ब्लूमिंग्टनला गाडी हाकत जायचं नाही, आमच्याकडे मुक्कामाला यायचं. बायकोने वरची खोली आवरायला घेतली आहे. भाच्यालाही बोलावलं होतं, तर तो म्हणतो येतो, पण टीव्हीसमोर नोत्र दामच्या बाजूने बसणार, चालत असेल तर सांगा.